चालू आठवड्यावरचा पडदा

नागपूरच्या महाल भागातल्या ज्या चहाच्या पेढीत मी नोकरीला लागले, तिथे आठवडा भिंतीवर टांगलेला असायचा. मालकांच्या खोलीत, गणपतीच्या तसबिरीखाली, प्लायवूडचा एक भला मोठा फळा होता. त्यावर एकाखाली एक नावं रंगवलेली: महाल दुकान, कामठी, हिंगणा, उमरेड, खापरखेडा. प्रत्येक नावापुढे खिळ्यांची रांग आणि खिळ्यांना टांगलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. चहाची पाकिटं जास्त खपली की पट्टी लांब, कमी खपली की आखूड. शेवटचे आठ आठवडे एका नजरेत दिसायचे. दर सोमवारी सकाळी सगळ्या पट्ट्या एकेक खिळा डावीकडे सरकवायच्या, सगळ्यांत जुनी काढून टाकायची आणि उजवीकडे नवी टांगायची. संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी हे पट्ट्या सरकवण्याचं काम करत होते. पोरगी काय करते असं कुणी आईला विचारलं, तर ती "ऑफिसात आहे" एवढंच सांगून विषय बदलायची.

मालकांना सगळे काकाजी म्हणत. अंगाने किरकोळ, आवाजाने दणदणीत. राहायचे पेढीच्याच वरच्या मजल्यावर, त्यामुळे त्यांचं घर आणि दुकान यांत एका जिन्याचंच अंतर होतं. रागवायचे पटकन आणि विसरायचे त्याहून पटकन. आपण रागावलो होतो हे ते विसरायचे, आम्ही नाही.

फळ्याच्या अगदी उजवीकडे खिळ्यांची एक जास्तीची ओळ होती. तिथे चालू आठवड्याच्या पट्ट्या. संध्याकाळी गावोगाव चहा विकायला गेलेल्या गाड्या परतल्या की सेल्समन आपापला आकडा सांगत आणि मी त्या पट्ट्यांना खालून पुठ्ठ्याचे तुकडे जोडत जायची. पण ही ओळ कायम एका लाल कापडाने झाकलेली असे. वर दोरी, दोरीला कड्या, रीतसर शिवून घेतलेला पडदा होता तो. पट्टीला तुकडा जोडायचा तोही पडद्याखालून हात घालून. सोमवारी सकाळी उदबत्ती ओवाळून झाली की काकाजी स्वतः पडदा सरकवायचे, आणि मगच पूर्ण झालेला आठवडा बघायचे. मधल्या दिवसांत तिथे डोकावायची कुणाची टाप नव्हती. त्यांचीसुद्धा नाही.

मी नवी असताना एकदा विचारलं, "काकाजी, हे झाकून काहून ठेवता?"

"अर्ध्या उकळीचा चहा कोणी गाळते का वं?" ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी ती त्यांची श्रद्धा समजून घेतली होती. कुणी शनिवारी तेल विकत घेत नाही, कुणी गुरुवारी नखं कापत नाही, काकाजी चालू आठवडा बघत नाहीत. प्रत्येक पेढीची काही ना काही रीत असते आणि ती पाळली की मालक खूश राहतो, एवढाच विचार त्यामागे होता.

बाकीच्या सगळ्या गाड्या सोमवार ते शनिवार रोज जायच्या आणि रविवारी बंद. खापरखेड्याची गाडी मात्र बुधवारी आणि रविवारी जायची. बुधवारी तिथल्या दुकानदारांकडे थोडा माल टाकायचा. खरी विक्री रविवारी. त्या दिवशी बाजार भरायचा आणि पॉवर हाऊसच्या कॉलनीतली माणसं घरी असायची. ती निळी गाडी मामा चालवायचे. चालवायचेही तेच आणि विकायचेही तेच. मामा कुणाचे, कसे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पेढीतला पोऱ्याही त्यांना मामा म्हणे आणि काकाजीही. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, एका खोलीत राहायचे. तोंडात सुपारी आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी नुकतंच काहीतरी गमतीचं सांगितल्याचा भाव. सणावाराला मी विचारलं की मामा, कुठे जाणार, तर म्हणायचे, "माह्ये नातलग रविवारीच भेटते वं बाई. खापरखेड्याले." ते थट्टेत म्हणायचे, पण ते खरं होतं.

कॉम्प्युटर आला तो भर मे महिन्यात. पुण्याच्या जावयाने काकाजींच्या डोक्यात भरवलं होतं की आता याच्याशिवाय मोठ्या पेढ्यांचं भागत नाही. मागची खोली रिकामी केली, फरशी घासली, काचेचं दार लावलं आणि एसी बसवला. काकाजी स्वतः वाळ्याच्या कूलरवर उन्हाळे काढणारे. मशीनला एसी आणि मालकाला कूलर हे पाहून कामठी लाइनचा सेल्समन म्हणाला, "काकाजी, पुढच्या जन्मी मशीन व्हा." चपला बाहेर काढून आत जायचं. दुपारी त्या खोलीत पेढीतल्या निम्म्या लोकांचं काहीतरी निकडीचं काम निघायचं.

शिकवायला कंपनीचा एक मुलगा यायचा, नागपूरच्या मे महिन्यात टाय लावून. त्याने आधी मला असं काही करून दिलं की दर आठवड्याला आठही तारखा हाताने टाकाव्या लागत. मी म्हटलं, मग पुठ्ठे सरकवणं काय वाईट होतं? मला असं हवं होतं की शेवटचे आठ आठवडे मशीनने स्वतःच ओळखावेत. आज बघितलं तर आजच्या मागचे आठ, महिन्याने बघितलं तर तेव्हाच्या मागचे आठ. तो जरा दुखावला, पण हुशार होता. म्हणाला, "मॅडम, मशीनच्या लेखी तारीख म्हणजे नुसता एक आकडा असतो. रोज एकाने वाढतो, बस."

मला तेवढंच पुरलं. मशीन सुरू करताना ते आजची तारीख विचारायचंच. त्या आकड्यावरून या सोमवारचा आकडा काढायचा. त्यातून सात वजा केले की मागचा सोमवार, आणखी सात वजा केले की त्याच्या मागचा. असे आठ रकाने. प्रत्येक रकान्याने आपला सोमवार ते रविवार ओळखायचा आणि त्या दिवसांत विकलेली पाकिटं गोळा करून आणायची. सूत्रात कुठेही तारीख लिहिलेली नव्हती. फक्त 'आज' आणि 'आजच्या किती मागे' एवढंच होतं.

पहिल्यांदा मी खोटीच पुढच्या आठवड्यातली तारीख टाकून पाहिली, आणि मशीनच्या पडद्यावरचे हिरवे आकडे कुणी हात न लावता एक घर डावीकडे सरकले. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. खरं सांगते, लग्न ठरलं तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला तोंडावर सांगितलेलं आहे. बाहेर येऊन मी फळ्याकडे पाहिलं तेव्हा मला त्याची थोडी कीवच आली. आता तुझी सुट्टी, असं मनातल्या मनात म्हटलंसुद्धा.

मग पावसाळाभर हौसेने मी त्यात आणखी भर घातली. प्रत्येक लाइनपुढे आकड्यांखाली कळफलकावरच्या चांदण्यांची रेघ, विक्री जितकी तितकी लांब. आणि शेवटी एक शब्द. शेवटचा आठवडा आधीच्या आठवड्यांच्या सरासरीपेक्षा वर असेल तर मशीनने 'वाढ' लिहायचं, बराच खाली असेल तर 'घट'. तेव्हा मराठी अक्षरं त्या मशीनला येत नव्हती, म्हणून ते शब्द रोमन लिपीत उमटायचे. प्रिंटर कर्कश आवाज करत कागद बाहेर टाकायचा आणि काकाजी दारात उभे राहून तो ऐकायचे, जसं काही कुणी गाणं म्हणतंय.

फळा सोमवारी बघायची रीत होती, पण कागद खिशात घालून नेता येतो. काकाजींनी ठरवलं की शनिवारी संध्याकाळी पेढी बंद करताना कागद काढायचा. रविवारी सकाळी वर आरामखुर्चीत बसून ते निवांत बघणार. सोमवारी नवा माल भरायच्या वेळेला सगळं डोक्यात पक्कं असणार. बेत उत्तमच होता. मला, त्यांना, त्या टायवाल्यालाही तो आवडला.

पहिल्याच कागदावर खापरखेड्यापुढे 'घट' आली. काकाजी म्हणाले, होते कधीमधी. दुसऱ्या शनिवारी पुन्हा 'घट'. तिसऱ्याही. बाकी कुठे 'वाढ', कुठे काहीच नाही, पण खापरखेड्याची शेवटची रेघ दर वेळी शेपूट तुटल्यासारखी आखूड. मागच्या शनिवारची आखूड रेघ या शनिवारी कुठे गेली, हे कुणीच विचारलं नाही. कारण मागचा कागद कुणाकडे नसायचाच. तो सोमवारी माल भरून झाला की काकूंच्या स्वयंपाकघरात तिखटमिठाच्या डब्यांखाली अंथरायला जायचा.

"खापरखेड्यात माल चालून नाई राहिला," काकाजी एक दिवस म्हणाले. "तिकडं मनीषनगरात नवीन घरं उठून राहिली. गाडी तिकडं वळवू."

मामांना त्यांनी सोमवारी खोलीत बोलावलं. मी तिथेच होते. मनीषनगरसाठी तरुण सेल्समन घ्यायचा, हा बुधवार आणि हा रविवार मामांनी खापरखेडा करायचा, त्यानंतर त्यांनी गोदामात पाकिटं भरण्यावर देखरेख करायची. पगार तोच. उन्हातान्हात फिरणं नाही. काकाजींच्या मते हे बक्षीसच होतं.

मामा उभेच होते. सुपारी चघळायची थांबली होती. "काकाजी, मले बंद खोलीत नका बसवू," ते म्हणाले.

"काहून गा? पंखा हाये तिथं."

"पंखा हाये. माणसं नाई."

काकाजींनी टेबलावरचा कागद उचलून पुढे केला. "हे पाय. मी नाई म्हणून राहिलो. मशीन म्हणून राहिली."

मामांनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. माझं मशीन म्हणतंय तर तसंच असेल, असा विश्वासच होता त्यात, आणि तो मला झोंबला. माणूस समोर उभा आहे, त्याचा सगळा आठवडा एका रविवारसाठी चालतो हे सगळ्या पेढीला माहीत आहे, आणि आपण त्याला चांदण्या दाखवतोय. पण आकडे मीही तपासले होते. बेरीज बरोबर होती. मी गप्प बसले.

त्या शनिवारी संध्याकाळी वीज गेली. ती येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. "पॉवर हाऊसवाल्याईले पण राग आला का काय," असं पुटपुटत काकाजी वर गेले. कागद निघाला तो सोमवारी सकाळी, मामांनी नेहमीप्रमाणे रविवारी रात्री दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठीवरचा आकडा भरून आणि तारीख रविवारचीच टाकून.

खापरखेड्याची शेवटची रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. 'वाढ'. इतकी लांब रेघ त्या लाइनची मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात मामा आले. गाडी अंगणात लावून, रिकामी खोकी खांद्यावर घेऊन. त्यांनी कॉलनीत सांगितलं होतं की ही शेवटची गाडी. बाया आधी हसल्या, मग गप्प झाल्या, आणि मग एकीने जी सुरुवात केली ती थांबेचना. दोन पाकिटं नेणारीने दहा नेली. ज्यांच्या घरी होतं त्यांनीही नेलं. "म्हणे मामा, तुमी रिकामी गाडी घेऊन जा, भरली गाडी वापस नेऊ नका," मामा सांगत होते, आणि सांगताना हसत होते, पण डोळे पुसत होते.

काकाजींचं मात्र भलतंच झालं. ते उसळले. "एका दिवसात एवढा माल विकते हा माणूस! मग इतके दिवस काय करून राहिला होता गा तू? झोपत होता का?"

मामांनी खोकी खांद्यावरून उतरवली. मी हातातल्या कागदाकडे पाहत होते, आणि माझं लक्ष शेवटच्या रकान्यावर नव्हतं, त्याच्या आधीच्या रकान्यावर होतं. आधीच्या आठवड्याची रेघ चांगली ऐसपैस होती. त्याच्या आधीचीही. पण ज्या कागदावर मामांचा निकाल लागला, त्यावर हाच आठवडा आखूड होता, हे मला पक्कं आठवत होतं.

मी जिना चढून वर गेले. काकू फोडणी देत होत्या. मी म्हटलं, "काकू, मागचा कागद कुठाय?" त्यांनी तिखटाचा डबा उचलला. कागदावर लाल गोल उमटला होता. तो घेऊन मी खाली आले, शिंका देत, आणि दोन्ही कागद काकाजींच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकच आठवडा, एका कागदावर टिचभर, दुसऱ्यावर हातभर.

"आता हे काय?" काकाजी म्हणाले.

"काकाजी, हा कागद शनिवारी काढला होता. शनिवारपर्यंत बाकीच्या गाड्यांचा आठवडा संपतो. मामांचा संपत नाही. त्यांचा रविवार उरलेला असतो. आपण दर शनिवारी त्यांचा बुधवारच बघत होतो."

काकाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. मग त्यांची मान हळूहळू भिंतीकडे वळली. फळा अजून तिथेच होता. पट्ट्या जुन्याच, धूळ बसलेल्या, आणि उजव्या कडेला लाल कापड.

"याले पडदा नाई लावला वं आपण," ते म्हणाले.

पुस्तकात शिकलेली गोष्ट या माणसाने कापडाने करून ठेवली होती: अपुरं पुऱ्याच्या शेजारी ठेवून तोलायचं नाही. आम्ही तिला देवधर्म समजलो. तो स्वतःही देवधर्मच समजत होता, म्हणून मशीन आल्यावर उदबत्ती तेवढी मशीनपुढे नेली आणि पडदा भिंतीवरच ठेवला.

मी त्याच दुपारी पडदा शिवला. सूत्राला एक अट जोडली: रकान्यातला रविवार आजच्या तारखेच्या मागे असेल तरच आकडा दाखव, नाहीतर रकाना पुढे सरकूच नकोस. आता शनिवारी कागद काढा की बुधवारी, मशीन फक्त पुरे झालेले आठच आठवडे दाखवणार होतं. काकाजींनी ते तीन-चारदा वेगवेगळ्या तारखा टाकून करून घेतलं. "लागला का पडदा?" "लागला." "पक्का?" "पक्का, काकाजी." मामांना त्यांनी एवढंच सांगितलं, "गाडी राहू दे गा तुझी. आमचंच चुकलं." मालकाने असं म्हणणं त्या काळी फार होतं. मामा हात जोडून बाहेर गेले आणि अंगणात जाऊन त्यांनी गाडी धुतली. ती आदल्याच दिवशी धुतलेली होती.

गोष्ट इथे संपली असती तर माझ्या सूत्राची छान कहाणी झाली असती. पण पुढच्या रविवारी मामा गेले तसे परत आले. भरलेली गाडी, हसरा चेहरा. कॉलनीने त्यांना पाहून एकच गलका केला होता, आणि पाकीट मात्र कुणीच घेतलं नव्हतं. घरोघरी चहा भरून ठेवलेला. दुकानदारांचाही माल उठेना. त्याच्या पुढचा रविवारही तसाच. कागदावर 'घट' आली, आणि या वेळी ती पुऱ्या झालेल्या आठवड्यांची होती.

काकाजींनी मला बोलावलं. "पडदा हाये नं याले?"

"आहे."

"मंग हे खरं हाये?"

"खरं आहे," मी म्हटलं. "पण त्यांनी त्या दिवशी दोन-तीन महिन्यांचा चहा एकदम घेतला आहे. तो संपेपर्यंत असंच राहणार."

"संपल्यावर घेतीन? का सवय मोडन?"

आठ आठवडे मागे बघणारं सूत्र माझ्याकडे होतं. पुढे बघणारं नव्हतं. मामांची गाडी पुन्हा टांगणीला लागली होती, आणि या वेळी बोट ठेवायला चूकच कुठे नव्हती. मला फार वाईट वाटलं. सूत्र बरोबर, आकडा बरोबर, आणि तरीही निकाल चुकीचा लागेल अशी भीती मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा वाटली.

काकाजी बराच वेळ कागद घडी घालत आणि उलगडत बसले. मग म्हणाले, "रविवारी मी जातो मामासंग. तूही चाल वं."

निळ्या गाडीत पुढे आम्ही तिघं बसलो. रस्ता कोरडा, हवा थंड, हिवाळा नुकताच लागलेला. मामा इतके अवघडले होते की सुपारीही तोंडात टाकली नव्हती. धुरांडी दिसायला लागली तसा त्यांनी हॉर्न वाजवला, एक लांब आणि दोन तोकडे, आणि कॉलनीच्या वळणावर पुन्हा एकदा. पोरं धावत आली. बाजारात एकही पाकीट खपलं नाही. पण जिथे थांबू तिथे आतून कप यायचे. आमचाच चहा, आमच्याच पाकिटातला. पेढीवर घोटभर चाखून थुंकून टाकणारे काकाजी दर घरी अख्खा कप पीत होते आणि दर घरी साखर जास्त झाल्याचं माझ्या कानात सांगत होते.

शेवटच्या चाळीत एक बाई दारात गहू निवडत बसली होती. तिने मामांकडे पाहिलं, मग काकाजींच्या हातातल्या पाकिटांच्या पिशवीकडे, आणि तिचा चेहरा बदलला.

"हे कोण हाये, मामा? तुमच्या जागी येऊन राहिले का?"

मामा काही बोलणार तेवढ्यात काकाजींनी त्यांना डोळ्याने थांबवलं. "हाव," ते म्हणाले.

तिने सूप खाली ठेवलं. चहाचं नाव काढलं नाही. "मंग आधीच सांगून राहिली तुमाले. तुमी नका येऊ."

"काहून बाई? माल तर तोच हाये."

"मालाचं नाई हो काही." तिने आत बोट दाखवलं. अंधाऱ्या खोलीत बाजेवर एक म्हातारी बसली होती, आमच्या आवाजाच्या दिशेने मान वळवून. "माह्या सासूले दिसत नाई. मामाचा हॉर्न आयकला का तिले समजते, आज रविवार हाये. मंग ती न्हाते, धुतलेलं लुगडं नेसते. मागं मामा म्हणे गाडी बंद होऊन राहिली, तं दिवसभर एकच विचारे, मंग मले रविवार कोण सांगन? तुमच्या मालकाले सांगजा हे."

काकाजी खाली पाहत होते. "सांगतो," ते म्हणाले.

संध्याकाळी आम्ही परतीला लागलो. मागे भरलेली खोकी हादऱ्यांनी एकमेकांवर आपटत होती. पाकीट एकही विकलं गेलं नव्हतं, आणि उद्याच्या कागदावर त्याचं काय उमटणार हे मला ठाऊक होतं. मी तिरक्या डोळ्यांनी काकाजींकडे पाहत होते. मामा समोरच्या रस्त्याशिवाय कुठेच पाहत नव्हते.

पूल ओलांडल्यावर काकाजी म्हणाले, "मालकाले सांगितलं गा मी."

मामांनी गाडी हळू केली. "काय म्हणे मालक?"

"म्हणे, लोकाईच्या घरी चहा हाये अजून. दोन महिने माल कमी भरजो." ते खिडकीबाहेर बघत होते. "पण रविवार चुकवजो नको."

मामांनी मान हलवली. रस्त्यावर ना माणूस होतं ना जनावर. त्यांनी हॉर्न वाजवला, एक लांब आणि दोन तोकडे.